मोबाइलवर वाढलेल्या मुलांचा वर्ग: खानदेशात नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकांसाठी

पवित्र पोर्टलवरून निवड झाली, नेमणुकीचा आदेश हातात आला आणि शाळा निघाली जळगाव, धुळे नाहीतर नंदुरबार जिल्ह्यात. तुम्ही कोल्हापूरचे असा, लातूरचे असा किंवा इथलेच असा, पहिल्या आठवड्यात स्टाफरूममध्ये दोन वाक्यं हमखास कानावर पडतील. एक म्हणजे, "आजकालच्या पोरांना सगळं येतं हो, मोबाइल तेच आपल्याला शिकवतात." आणि दुसरं, "मोबाइलने पोरं वाया गेली." बोलणारे बरेचदा एकच असतात. दोन्ही वाक्यं सध्या बाजूला ठेवा आणि वर्गाकडे स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

इंस्टाग्रामसाठी रील कापून त्यावर अहिराणी गाणं नेमक्या ठेक्यावर बसवणारा आठवीतला मुलगा शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी फोटोचा आकार कमी करायला सेवा केंद्रात पैसे मोजतो. फाइल कुठे सेव्ह झाली हे त्याला सापडत नाही. ईमेल म्हणजे काय हे फक्त ऐकून माहीत. प्रश्न टाइप करण्याऐवजी तो माइक दाबून बोलतो, येणारा पहिला व्हिडिओ बघतो आणि त्यालाच उत्तर समजतो. बघण्यात ही मुलं तरबेज आहेत, शोधण्यात आणि पारखण्यात कच्ची. वर्गातल्या बहुतेक अडचणी इथून सुरू होतात, आणि खालच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

'डिजिटल नेटिव्ह' हा शब्द अमेरिकन लेखक मार्क प्रेन्स्की यांनी २००१ मध्ये रूढ केला. या उपकरणांत जन्मलेली पिढी वेगळ्या पद्धतीने विचार करते आणि शिकते, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्या संशोधकांना ही जन्मजात हुशारी काही सापडली नाही. आपल्याकडचं चित्र 'असर' या शालेय शिक्षणाच्या अहवालासाठी झालेल्या २०२४ च्या ग्रामीण भारताच्या पाहणीत दिसतं. १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येत होता. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात ७६ टक्क्यांनी तो सोशल मीडियासाठी वापरला होता, अभ्यासाशी संबंधित कामासाठी ५७ टक्क्यांनी.

पायरी १: कोणाच्या घरात कोणता फोन आहे, ते आधी कळू द्या

"कोणाकडे मोबाइल आहे, हात वर करा" असं विचारू नका. ज्याच्याकडे नाही तो खाली बघतो, आणि ज्याच्याकडे आहे त्यातला अर्धा वर्ग बढाया मारतो. कोऱ्या चिठ्ठ्या वाटा, नाव लिहायला लावू नका आणि चारच प्रश्न द्या: फोन कोणाचा? तुझ्या हातात कधी येतो? काल त्यावर काय पाहिलंस? रिचार्ज कोण करतं? चौथ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात उपयोगाचं. रिचार्ज संपला की गृहपाठ का थांबतो, हे तिथे कळतं.

खानदेश म्हणजे एकच वर्ग नव्हे. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात घरात दोन-तीन फोन सापडतील, पण दिवसभर ते मळ्यात. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात फोन असूनही रेंजसाठी टेकाड चढावं लागतं, आणि आश्रमशाळेतल्या मुलाला तो सुट्टीत घरी गेल्यावरच मिळतो. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत दिवाळीनंतर आईबाप आणि फोन दोन्ही गावाबाहेर. जळगाव शहरातल्या क्लासवाल्या मुलाकडे स्वतःचा फोन, वर वायफाय. यातल्या कोणत्याही एका मुलाला समोर धरून पूर्ण वर्गाचा बेत आखला, तर बाकीची मुलं सुटतात.

मुलींचं वेगळं बघा. 'असर'च्या त्याच पाहणीत फोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ३६ टक्के स्वतःचा फोन असल्याचं सांगत होते, मुलींत हेच प्रमाण २७ टक्के होतं. आपल्याकडे मुलीच्या हातात फोन दिसला की घरात चौकशी सुरू होते. ग्रुपवर रात्री टाकलेला गृहपाठ तिला भाऊ दाखवेल तेव्हाच दिसतो. त्यामुळे फोनवर पाठवलेली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या दिवशी फळ्यावरही लिहायची, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा.

पायरी २: मूल किती भाषांमधून तुमच्यापर्यंत येतं ते बघा

घरी अहिराणी, तावडी, लेवा बोली, गुजर बोली, सातपुड्यात भिली, पावरी किंवा मावची. पुस्तकात प्रमाण मराठी. आणि फोनमध्ये? हिंदी. गेम खेळताना हिंदी, यूट्यूबवरचे 'सर' हिंदी. फोनच्या माइकला अहिराणी कळत नाही, म्हणून मूल शोधतानाही हिंदीकडे वळतं. हा बदल नवीन आहे आणि वर्गात त्याचे परिणाम दिसतात.

विज्ञानातलं एक उदाहरण बघा. आपल्या पुस्तकात आम्ल, आम्लारी आणि क्षार. क्षार म्हणजे मीठ ज्या गटात मोडतं तो. हिंदी व्हिडिओत मात्र मीठ 'लवण' होतं आणि 'क्षार' हा शब्द आम्लारीच्या बाजूला जातो. मुलाने आदल्या रात्री मन लावून व्हिडिओ पाहिलेला असतो आणि सकाळी तो नेमका उलट उत्तर देतो. त्याला चूक म्हणण्याआधी "कुठे पाहिलंस?" विचारा. फळ्यावर दोन रकाने आखा, पुस्तकातला शब्द आणि व्हिडिओतला शब्द, आणि मुलांनाच भरू द्या. हा तक्ता वर्षभर भिंतीवर राहिला तरी चालेल.

"सर, माले समजनं नही" असं कोणी म्हणालं तर आधी शंका सोडवा, भाषा नंतर. व्हिडिओला शंका विचारता येत नाही आणि तुम्हाला येते, एवढं मुलाला पटलं की ते स्वतःहून बोलायला लागतं. तुम्ही बाहेरचे असाल तर दहा-पंधरा अहिराणी वाक्यं मुलांकडूनच शिका. त्यांना शिकवण्यात भारी मजा येते.

पायरी ३: तास तोडून बांधा, पण रीलशी स्पर्धा करू नका

प्रशिक्षणात कोणीतरी स्लाइड दाखवेल: माणसाचं लक्ष आता गोल्डफिशपेक्षा कमी, फक्त आठ सेकंद. विसरा. या आकड्यामागे संशोधन सापडत नाही. तुमच्या वर्गातलीच मुलं उन्हात दिवसभर क्रिकेट खेळतात आणि एका गेमला तास-तास चिकटून बसतात. लक्ष त्यांच्याकडे आहे. मात्र कंटाळा आला की बोटाने पुढे ढकलायची सवय लागली आहे, आणि तुमचा तास बोटाने ढकलता येत नाही.

म्हणून तासाची रचना बदला. पस्तीस मिनिटं सलग बोलणं कोणालाच झेपत नाही, तुम्हालाही. सुरुवातीला पाटी किंवा वहीवर कालच्या धड्यावरचे तीन प्रश्न, पुस्तक बंद ठेवून. मग दहा-बारा मिनिटं शिकवणं. मग शेजाऱ्याला समजावून सांगणं. मग एक गणित किंवा एक परिच्छेद एकट्याने, गुपचूप. शेवटी पुन्हा दोन प्रश्न. पुस्तक बंद ठेवून आठवायला लावण्याचा फायदा संशोधनात वारंवार दिसलेला आहे. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा त्याने जास्त टिकतं.

व्हिडिओ दाखवायचाच असेल तर बालभारतीच्या पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपवरचा घ्या आणि घरूनच उतरवून आणा. शाळेत वीज आणि नेट एकाच वेळी असण्याची खात्री बाळगू नका. दोन मिनिटांनी थांबवा आणि विचारा, आता पुढे काय होईल? अंदाज वहीत लिहून घ्या आणि मगच पुढे चालवा. सलग पंधरा मिनिटांचा व्हिडिओ म्हणजे वर्ग शांत, शिक्षक निवांत आणि डोक्यात शून्य.

'पाहिलं की आलं' हा भ्रम या पिढीत फार पक्का आहे. शिकागो विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. ताटल्यांखालून टेबलावरचं कापड झटक्यात ओढण्यासारख्या करामतींचे व्हिडिओ त्यांनी लोकांना एकदा किंवा अनेकदा दाखवले. जास्त वेळा पाहिलेल्यांचा आत्मविश्वास वाढला, हातातलं कौशल्य वाढलं नाही. भूमितीच्या तासाला हेच करून बघा. कोन दुभागण्याचा व्हिडिओ दाखवा, "किती जणांना येईल?" विचारा आणि लगेच कंपास हातात द्या. वर गेलेले हात आणि वहीतले कोन यांतला फरक मुलं स्वतःच बघतील. तुम्हाला काही बोलावं लागणार नाही.

आणखी एक प्रयोग, पाच मिनिटांचा. रील बघत बघत अभ्यास होतो असं म्हणणाऱ्यांसाठी:

१. वहीत आधी क ते ञ ही दहा अक्षरं लिहायची, त्याखाली १ ते १० आकडे. भिंतीवरच्या घड्याळात वेळ बघायची.

२. आता तेच आलटून पालटून: एक अक्षर वरच्या ओळीत, एक आकडा खालच्या ओळीत, पुन्हा अक्षर, पुन्हा आकडा. पुन्हा वेळ बघायची.

३. दोन्ही वेळा फळ्यावर लिहायच्या.

काम तितकंच, पण दुसऱ्या वेळी उशीर होतो आणि "घ झाला का रे?" असा गोंधळ उडतो. मेंदू दोन कामं एकदम करत नाही, एकावरून दुसऱ्यावर उडी मारतो आणि प्रत्येक उडीला वेळ जातो, हे त्यानंतर सांगा. आधी सांगितलं तर ते भाषण होतं.

पायरी ४: वाचनाचा दम वाढवा

स्क्रीनवर मुलं मजकूर चाळतात, खाली सरकवतात. पुस्तकाचं पान समोर आलं तरी डोळे तसेच पळतात. सातवीतल्या मुलाला एक पान मुक्याने वाचायला द्या. अर्ध्या मिनिटात "झालं सर" ऐकू येईल, आणि काय वाचलं ते सांगता येणार नाही.

पाच मिनिटांपासून सुरू करा. हातात पेन्सिल द्यायची. मन भरकटलं असं लक्षात आलं की त्या ओळीशेजारी बारीक टिंब करायचं आणि पुढे वाचायचं. टिंबं किती झाली हे कोणाला दाखवायचं नाही. आठवडा-पंधरा दिवसांनी एक-एक मिनिट वाढवत पंधरा मिनिटांपर्यंत न्या. तुम्हीही त्या वेळी खुर्चीत बसून पुस्तकच वाचा. टपाल नको, आणि फोन तर मुळीच नको. मुलांचं लक्ष बाईंच्या हाताकडेच असतं.

लिहिण्याच्या बाबतीत मुलांच्या एका सवयीचा फायदा घ्या. स्टेटस टाकलं की कोणी पाहिलं, हे ती तपासतात. वाचक हवा असणं ही चांगलीच गोष्ट आहे. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी हाताने लिहिलेलं दैनिक काढत. प्रताप हायस्कूलचं ते छात्रालय, काळ १९२०च्या दशकाचा. वर्गाच्या दाराशी एक जाड वही सुतळीने टांगा. रोज एका मुलाने गावातली एक बातमी लिहायची, आणि वाचणाऱ्याने खाली सही आणि एक ओळ. या खेळात मागच्या बाकावरची मुलं पुढे आलेली दिसतील.

पायरी ५: शोधायला आणि पारखायला शिकवा

बाकी सगळं जमलं नाही तरी एवढं कराच, कारण खानदेशाने याची किंमत मोजली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, जमावाने भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठार मारलं. त्या दिवसांत असे मेसेज मोबाइलवर देशभर फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. आज तुमच्या वर्गात बसलेली मुलं तेव्हा खूप लहान होती. नववी-दहावीत हा विषय काढा, पण गावाला दोषी ठरवण्याच्या सुरात नको. वर्गात त्या परिसरातलं किंवा कोणाच्या नात्यातलं मूल असू शकतं. एकच प्रश्न चर्चेला ठेवा: तो मेसेज पुढे पाठवणाऱ्यांपैकी किती जणांना वाटत असेल की आपण मुलांना वाचवतोय? यावर वर्ग बराच वेळ बोलतो.

लहान वर्गांसाठी हलकं उदाहरण पावसाळ्यात आयतंच मिळतं. "उद्या शाळांना सुट्टी, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश" हा फोटो दरवर्षी फिरतो. तो फळ्यावर उतरवा आणि मुलांना तपासनीस करा. दिनांक कोणता, साल कोणतं? जावक क्रमांक आहे का? जिल्हा आपलाच आहे की शेजारचा? सही कोणाची आणि सध्या त्या पदावर कोण आहे? आपल्या मुख्याध्यापकांना हा आदेश आला का? बहुतेक वेळा साल जुनं निघतं. सुट्टी खोटी निघाली म्हणून मुलं हिरमुसतात, पण पुढचा मेसेज स्वतः तपासून आणतात.

शोधणं शिकवायला शेतीचा प्रश्न घ्या, घरात त्याची चर्चा रोज असते. "केळीचं पान पिवळं का पडतं?" असं माइकवर विचारलं की पहिल्यांदा औषध विकणाऱ्यांचे व्हिडिओ येतात. मुलांना आधी शेतात पाठवा. पिवळी पानं खालची की वरची कोवळी? ठिपके आहेत की पट्टे? कडेपासून वाळतंय का? पाणी शेवटी कधी दिलं? खालच्या पानांवरच्या ठिपक्यांपासून वाढणारा करपा वेगळा, कोवळ्या पानांवर पिवळे पट्टे आणणारा विषाणू वेगळा आणि अन्नद्रव्याची कमतरता त्याहून वेगळी. हे बघून आलेलं मूल जो प्रश्न विचारतं, त्याला उत्तरही बरं मिळतं. मग मिळालेली तीन उत्तरं शेजारी-शेजारी मांडा: सांगणारा कोण, तो काही विकतोय का, माहिती कधीची? जळगावचं केळी संशोधन केंद्र, पालचं कृषी विज्ञान केंद्र यांचं म्हणणं त्यातल्या एका रकान्यात असू द्या. कापूस, मिरची, पपई, तुमच्या भागात जे पीक असेल ते घ्या.

पायरी ६: एआयने लिहिलेला निबंध

आता व्हॉट्सअ‍ॅपमध्येच निळं गोल दाबलं की निबंध तयार मिळतो. पंधरा वह्यांमध्ये 'पावसाळा हा निसर्गाचा अनमोल ठेवा आहे' अशी एकच ओळ दिसली की समजा. रागावून उपयोग नाही, विषय बदला. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई ही देवी बसते, आणि तिला रोटांचा नैवेद्य असतो. "आमच्या भाऊबंदकीत कानबाई कोणाच्या घरी बसते, रोटांचं पीठ कोण दळतं, रोट घराबाहेरच्याला देतात का? आजीला विचारून लिहा." हे मशीनला सांगता येणार नाही, आणि कोणी तिथून उतरवून आणलंच तर आजी आणि मशीन यांचं जुळत नाही हे वर्गातच उघडं पडतं. आखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) झोके, बैलपोळा, गावचा आठवडे बाजार, आश्रमशाळेत शिकवत असाल तर आदिवासींचा होळीचा भोंगऱ्या बाजार: विषय संपणार नाहीत. एखाद्या वेळी मुद्दाम मशीनचा निबंध फळ्यावर लिहा आणि मुलांना त्यातल्या चुका शोधायला लावा.

पायरी ७: फोन, ग्रुप आणि फोटो

वर्गात मुलांचा फोन नको. आणलाच तर कार्यालयात जमा आणि शाळा सुटताना परत. नियम सगळ्यांना सारखा, सरपंचांच्या नातवालाही. पालकांच्या ग्रुपवर रात्री आठनंतर काही टाकू नका. मुलांचे फोटो, विशेषतः मुलींचे, स्वतःच्या स्टेटसला ठेवण्याची सवय आपल्या शिक्षकांनाही लागली आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील सगळेच 'मूल' धरले आहेत आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते, असं तत्त्व आहे. कायद्याची कलमं पाठ नसली तरी चालेल. फोटो टाकण्याआधी पालकांना विचारा.

पायरी ८: पालकांशी बोला

बैठक कापूस वेचणीच्या दिवसांत ठेवली तर कोणी येणार नाही. संध्याकाळी, पारावर किंवा मंदिराच्या ओट्यावर ठेवा. "मना पोऱ्या मोबाइल सोडत नही, सर, तुम्हीच सांगा त्याले" असं आबा म्हणतील, आणि म्हणतानाच त्यांच्या खिशातला फोन वाजेल. उपदेश टाळा. एकच गोष्ट मागा: झोपताना फोन पोराच्या उशाशी नको, आईच्या खोलीत चार्जिंगला. तेवढं जमलं की पुढच्या बैठकीत जेवतानाच्या फोनबद्दल बोला. एकदम पाच नियम दिले तर एकही पाळला जात नाही.

ऊसतोडीला गेलेल्या आईबापांना बैठकीला बोलावता येत नाही. त्यांच्यापैकी अनेकांना लिहिलेला मेसेज वाचणंही अवघड जातं. त्यांना आवाजाचा मेसेज पाठवा, एका मिनिटाच्या आतला, जमलं तर त्यांच्याच बोलीत: मूल शाळेत येतंय, या आठवड्यात हे शिकलं, तब्येत बरी आहे. शेवटची दोन वाक्यं मुलाला स्वतःच्या आवाजात बोलू द्या. संध्याकाळी उसाच्या फडावरून कोपीवर (झोपडीवर) परतल्यावर त्यांना तो ऐकता येईल, अशा बेताने सातच्या सुमारास पाठवा.